१९६६ची एमजीबी, नागपूर ते रत्नागिरी: इंजिनापेक्षा उन्हाचा आणि पेट्रोलचा विचार आधी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९६६ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची उघड्या टपाची दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. इथेच नागपुरात इंजिन काम करून घेतलं. आतापर्यंत गाडी साठ-सत्तर किलोमीटर चालली आहे. मे महिन्यात मुलाच्या सुट्टीत त्याला शेजारी बसवून समृद्धीवरून मुंबईकडे उतरायचं आणि तिथून रत्नागिरी गाठायची, सगळं दोन दिवसांत. आणि विचारलंय, "इंजिन एवढं टिकेल का?"

इंजिन नीट बांधलं असेल तर टिकेल. एमजीबीचं १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन दणकट आहे. १९६४च्या अखेरीपासून त्याच्या क्रँकला तीनाऐवजी पाच मेन बेअरिंग आली, म्हणजे तुमचं पाच बेअरिंगचं असणार. जुन्या गाड्यांच्या कामात इतकी वर्षं घालवल्यावर मी एवढं सांगतो की लांबच्या प्रवासात अशी गाडी इंजिन फुटून क्वचितच थांबते. ती थांबते पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत न पोचल्यामुळे, होज पाईप फाटल्यामुळे, इग्निशनचा कंडेन्सर गेल्यामुळे, नाहीतर अर्थिंगच्या एखाद्या सैल वायरीमुळे. म्हणून खरा प्रश्न हा आहे की उन्हात रोज सात-आठ तास चालायची या गाडीला सवय आहे का. साठ-सत्तर किलोमीटरवर ती सवय झालेली नसते.

बऱ्याच गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत: हेडचं काम करताना व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडा) बदलल्या का, गाडीत ओव्हरड्राइव्ह (तोच वेग इंजिनाच्या कमी फेऱ्यांत देणारी जादा गिअरची सोय) आहे का, चाकं तारांची आहेत की पत्र्याची, आणि आरसी कोणत्या प्रकारची आहे. शेवटची बाब आधी बघा, कारण तिथेच सगळं अडू शकतं. जुलै २०२१मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेची नोंदणी आणली. त्या मालिकेत नोंदवलेली गाडी प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते, नेहमीच्या वापरासाठी नाही. सुट्टीत रत्नागिरीला जाणं त्यात बसत नाही. तुमचा जुना नंबर कायम असेल आणि आरसीचं नूतनीकरण वेळेवर झालं असेल तर अडचण नाही. पण वडिलांच्या नावावरून गाडी तुमच्या नावावर झाली आहे का आणि विमा चालू आहे का, हे आजच तपासा.

आता मे महिन्याबद्दल. नका जाऊ. नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको, दुपारी पारा अनेकदा ४५च्या आसपास जातो आणि डांबराजवळची हवा त्याहून तापलेली. एमजीबीत इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला आहेत. दोन्ही कार्बोरेटर (एसयू कंपनीचे) एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वरच बसलेले, मध्ये फक्त एक पातळ हीट शील्ड. गाडी धावत असते तोवर हवा लागत राहते आणि ताजं पेट्रोल येत राहतं. तुम्ही चहाला थांबलात की मॅनिफोल्डची सगळी उष्णता वर चढते आणि फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं. दहा मिनिटांनी सेल्फ मारला की इंजिन लागतं, शंभर मीटर जातं आणि बंद पडतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये "पेट्रोल पंप गेला" म्हणून येणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच जणांचा पंप शाबूत असतो, हाच त्रास असतो. उपाय साधे आहेत. हीट शील्ड आणि कार्बोरेटरमागचे जाड इन्सुलेटिंग ब्लॉक जागेवर आहेत ना ते बघा, कारण काम करताना ते कुठेतरी पडून राहिलेले मी अनेकदा पाहिलेत. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर बांधा, आणि गाडी थांबवली की लगेच बॉनेट उघडा. पण सगळ्यात मोठा उपाय म्हणजे डिसेंबर-जानेवारी. शाळेला नाताळची सुट्टी असते, तेव्हा न्या.

उन्हाइतकंच महत्त्वाचं पेट्रोल. आज पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ही गाडी बनली तेव्हा असा कोणी विचारही केला नव्हता. याचे परिणाम तीन ठिकाणी दिसतात. पहिलं, जुनी रबरी नळी, डायफ्रॅम आणि सील फुगतात किंवा तडकतात. तेव्हा टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा एकूण एक रबरी तुकडा इथेनॉल चालणाऱ्या दर्जाचा बसवा, दिसायला चांगला असला तरी. दुसरं, वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या टाकीत चिकट थर बसलेला असतो. इथेनॉल तो सोडवतं आणि सगळा गाळ फिल्टरमध्ये येतो. इंजिन नवं झालं पण टाकी खाली उतरवून धुतली नाही, असं तुमच्याकडे झालं असेल तर आधी ते करा. एक फिल्टर पंपाच्या आधी बसवा आणि दोन-तीन सोबत ठेवा. तिसरं, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं. पातळ मिश्रणावर इंजिन तापतं, आणि लोक रेडिएटरला दोष देत बसतात. एसयूवर जेटखालचा (जेट म्हणजे पेट्रोल आत येतं ती बारीक नळी) सहा पैलूंचा नट खाली फिरवला की मिश्रण घट्ट होतं. दोन्ही कार्बोरेटरला सारखंच, एकेक पैलू करत जा. प्रत्येक वेळी दहा-पंधरा किलोमीटर चालवून प्लग काढून बघा: पांढरट असेल तर अजून घट्ट हवं, फिकट तपकिरी झालं की थांबा. नुसत्या जेटनं इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांवर जमलं नाही तर जेटमध्ये वर-खाली होणारी सुई बदलावी लागते, पण ते पुढचं.

व्हॉल्व्ह सीटचं वर म्हणालो ते यासाठी. फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. त्याआधी शिसं या बिडाच्या हेडमधल्या एक्झॉस्ट सीटना आधार द्यायचं. कडक सीट बसवलेल्या नसतील तर सतत वेगात चालवल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो आणि टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली मोकळी जागा) कमी होते. हे ओळखणं सोपं आहे. गाडी थंड असताना आठही टॅपेट १५ थाऊवर (इंचाच्या हजारांश भागाला थाऊ म्हणतात) सेट करा आणि कागदावर लिहा. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा फिलर गेज लावा. एक्झॉस्टच्या फटी भराभर कमी झालेल्या दिसल्या तर सीटचं काम झालेलं नाही असं समजा, आणि लांबच्या प्रवासाआधी हेड पुन्हा उतरवा. आवाज कमी झाला म्हणून कोणी खूश होऊ नये. टॅपेटचा थोडा आवाज या इंजिनाला असायलाच हवा.

हे पाचशे किलोमीटर कुठे करायचे? इथेच, नागपूरभोवती. आधी रामटेकला जाऊन या, पन्नासेक किलोमीटरवर आहे, काही झालं तर घरून कोणी येऊ शकतं. मग सेवाग्राम. त्यानंतर हेडचे नट ठरलेल्या क्रमानं पुन्हा टॉर्क करून घ्या, टॅपेट बघा, इंजिन ऑईल बदला. ऑईल २०डब्ल्यू-५० मिनरलच घाला, कारण या इंजिनातल्या सपाट टॅपेटना जस्ताचं संरक्षण लागतं आणि नव्या गाड्यांच्या पातळ सिंथेटिक ऑईलमध्ये ते कमी असतं. मग चिखलदरा. परतवाड्यावरून वर चढणारा घाट ही तुमची खरी परीक्षा. चढताना पाण्याचा काटा कुठे जातो, तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिन ठोकतं का, उतरताना ब्रेक पेडल खाली जायला लागतं का, हे तिथे कळतं. ठोकत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूचा खाचांचा छोटा नट 'आर'च्या (रिटार्ड, म्हणजे ठिणगी उशिरा) दिशेला थोडा फिरवा. त्याच कामासाठी तो दिलेला आहे.

या फेऱ्यांत गाडीला काही ना काही होईलच. व्हावं, म्हणूनच त्या करायच्या. नवीन इंजिनवरची प्रत्येक होज क्लिप पहिल्या दोन-तीन तापण्या-थंड होण्यात सैल पडते, ती रामटेकच्या वाटेवर कळलेली बरी. एक गोष्ट कळकळीनं सांगतो: निघायच्या आदल्या आठवड्यात "सगळं नवीन टाकून घेऊ" असं करू नका. बाजारात मिळणारे नवे कंडेन्सर आणि रोटर आता पूर्वीच्या दर्जाचे राहिलेले नाहीत, काही तर शंभर किलोमीटरमध्ये जातात. नवा भाग बसवायचा असेल तर दोन महिने आधी बसवा, त्यावर गाडी चालवा, आणि काढलेला चालता भाग पुडीत बांधून डिकीत ठेवा. चालून सिद्ध झालेला भाग हाच खरा स्पेअर.

ब्रेकबद्दल मी जरा कडक आहे. १९६६च्या एमजीबीला ब्रेकचं एकच सर्किट आहे. पुढच्या डिस्कना आणि मागच्या ड्रमना एकाच मास्टर सिलिंडरमधून ऑईल जातं, आणि एक होज फुटली की पेडल थेट तळाला. गाडी उभी राहिलेली असल्यामुळे मास्टर सिलिंडर, मागचे व्हील सिलिंडर आणि तिन्ही रबरी होज नव्या किटसह व्हायला हव्यात. कॅलिपरचे पिस्टन गंजले असतील तर तेही. जुनं ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं आणि घाटात उकळतं, म्हणून पूर्ण काढून नवं भरा. हे काम झालेलं नसेल तर बाकी काहीही झालेलं असलं तरी निघू नका. हँडब्रेकही असा हवा की चालत्या गाडीला थांबवता येईल.

टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सहा वर्षांपेक्षा जुना टायर मी लांबच्या रस्त्यावर जाऊ देत नाही. मूळ माप आता सहज मिळत नाही, पण १६५/८० आर १४ या चाकावर चालतं आणि स्विफ्टच्या काही मॉडेलना तेच माप येत असल्यामुळे कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडतं. चाकं तारांची असतील तर आत ट्यूब हवीच, कारण आऱ्यांच्या भोकांतून हवा निघते. पंक्चरवाल्याला हे आधी सांगा. आणखी एक सांगा: मधला मोठा नट दोन्ही बाजूंना उलटसुलट आट्यांचा आहे आणि सोडवायची दिशा नटवरच कोरलेली असते. तांब्याचा हातोडा तुम्हीच काढून द्या, घण लावू देऊ नका.

हत्यारांचंही तसंच. या गाडीचे बोल्ट इंची आहेत आणि रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये पाने मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाच्या नटवर १३चा पाना लागल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कोपरे मारतो. ७/१६, १/२ आणि ९/१६चे इंची पाने आणि सॉकेट सोबत असू द्या आणि मेकॅनिकच्या हातात तेच ठेवा. हायवेवरचा मेकॅनिक हुशार असतो, त्याला कार्बोरेटर आणि पॉइंटची जुनी गाडी उमजते, फक्त त्याच्याकडे हत्यार नसतं.

विजेचं एवढंच. १९६६च्या गाडीत डायनॅमो आहे आणि कोणी बदललं नसेल तर बॉडीला पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह नव्हे तर पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं आहे. सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. मोबाईलचा चार्जर गाडीला लावू नका, पॉवर बँक घ्या. बॅटरीच्या झाकणावर मोठ्या अक्षरात 'पॉझिटिव्ह अर्थ' लिहून ठेवा, नाहीतर जंपर लावायला आलेला भला माणूस सवयीनं उलटं जोडेल. डायनॅमो जेमतेम २२ अँपिअर देतो. हेडलाइट, वायपर आणि पंप एकत्र चालले की बॅटरी उतरू लागते. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, याचं हे एक कारण.

दुसरं कारण रस्त्यावर आहे, आणि इथे मार्गाचा मुद्दा येतो. समृद्धी चांगला रस्ता आहे, आधुनिक गाडीसाठी. ७०१ किलोमीटर काँक्रीट, गाड्यांना ताशी १२० किलोमीटरची मुभा, बाहेर पडायचं तर ठरलेल्या इंटरचेंजवरच. ओव्हरड्राइव्ह नसलेली एमजीबी टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला हजार फेऱ्यांना ताशी साधारण २९ किलोमीटर वेग देते. म्हणजे शंभरला इंजिन साडेतीन हजारांच्या आसपास तासन् तास फिरणार, आणि तरीही मागचे तुम्हाला ओलांडत राहणार. काही बिघडलं तर आजूबाजूला ना गाव, ना गॅरेज, ना सावली. या गाडीला असा रस्ता हवा जिथे दर वीस-पंचवीस किलोमीटरला गाव लागतं आणि ऐंशीनं चाललं तर कोणाची अडचण होत नाही.

म्हणून मी बुटीबोरीवरून वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर असा राष्ट्रीय महामार्ग धरायला सांगेन. पुढे सांगोला-मिरजेवरून कोल्हापूर आणि आंबा घाटातून रत्नागिरी. सगळं मिळून साडेनऊशेच्या आसपास. पहिला मुक्काम यवतमाळला करा. दीडशे किलोमीटरच होतात, लोक म्हणतील हे काय. पण पहिल्या दिवशीच काही निघालं तर गाडी फ्लॅटबेडवर नागपूरला परत आणणं परवडतं. संध्याकाळी निवांत ऑईल बघा, पाणी बघा, चाकाला हात लावून कुठलं ड्रम जास्त तापलंय ते बघा. मग नांदेड, सोलापूर, कोल्हापूर, आणि पाचव्या दिवशी रत्नागिरी. पहाटे सहाला निघायचं, दुपारी दोनपर्यंत थांबायचं. हिवाळ्यात विदर्भात कापसाच्या गाड्या असतात आणि लातूरपासून पुढे कोल्हापूरपर्यंत उसाचे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. मागे लाईट नसतो, रिफ्लेक्टर असला तर नशीब. १९६६चे हेडलाइट आणि बूस्टर नसलेले ब्रेक घेऊन रात्री त्या रस्त्यावर असू नये, मुलगा शेजारी असताना तर नाहीच.

आंबा घाट जाताना उतार आहे. वरूनच दुसरा गिअर घाला आणि इंजिनवर उतरा, ब्रेक फक्त वळणाआधी, दाबून आणि सोडून, पाय ठेवून बसू नका. येताना हाच चढ आहे, आणि तोही कोकणातल्या दमट हवेत. त्या दिवशी साखरप्याला उजाडायच्या सुमारास पोचाल असं बघा. काटा वर सरकायला लागला तर वेग कमी करण्याऐवजी एक गिअर खाली घ्या, म्हणजे पाण्याचा पंप आणि फॅन जोरात फिरतील. गाडीत हीटर असेल तर पूर्ण उघडा, पाय भाजतील पण हेड वाचेल. उकळलंच तर इंजिन बंद करून निदान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका आणि तापल्या ब्लॉकमध्ये थंड पाणी ओतू नका. थर्मोस्टॅट काढून टाका असा सल्ला कोणीतरी देईलच. तो मानू नका, ७४ अंशांचा उष्ण प्रदेशासाठीचा मिळतो, तो बसवा.

सोबत काय न्यायचं ते बहुतेक वर आलंच. त्यात फॅन बेल्ट, पॉइंट, कॉइल, वरची-खालची रेडिएटर होज, ब्रेक ऑईल, दोन ट्यूब, वायरीचं भेंडोळं आणि दहा लिटर पाणी घाला. सीटमागे जागा कमी आहे, त्यामुळे कपडे दोघांच्या मिळून एका बॅगेत.

आता तुमच्याकडून मला चार गोष्टी कळायला हव्यात: आरसी कोणत्या प्रकारची आहे, हेडच्या कामाच्या बिलात सीट बदलल्याचं लिहिलंय का, टायरवरचे चार आकडे, आणि दोन्ही कार्बोरेटरमधल्या सुयांवर कोरलेली अक्षरं. डॅशपॉट (कार्बोरेटरवरचं घुमटासारखं झाकण) उघडून पिस्टन वर काढा, त्याच्या बाजूचा छोटा स्क्रू सैल करून सुई ओढून काढली की तिच्या वरच्या जाड भागावर ती दिसतात. पिस्टन आणि डॅशपॉट जोडीनं जुळवलेले असतात, पुढच्या-मागच्या कार्बोरेटरची अदलाबदल होऊ देऊ नका. ही माहिती आली की सुई बदलायची की जेटवर भागेल, ते सांगतो.